थांबलेला कापूस आणि धावणारा बंब

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी आमच्या घरात ‘बंब’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जाई. एक बंब न्हाणीघरात होता. तांब्याचा, पोटात विस्तव आणि भोवती पाणी. पऱ्हाट्या मोडून आई तो पेटवायची. दुसरा बंब शहरात होता, लाल रंगाचा, घंटा वाजवत जाणारा. त्याच्या पोटात पाणी आणि समोर विस्तव. शब्द एकच, आणि तो आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पाणी ओढायचा पंप. मराठी माणसानं तो पंप आग विझवायलाही वापरला आणि आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या भांड्यालाही तेच नाव देऊन टाकलं.

आज बोलायचं आहे ते दुसऱ्या बंबाविषयी, म्हणजे अमरावती-अकोल्याच्या अग्निशमन दलाविषयी. पण कोणत्या साली किती गाड्या आल्या, कोण अधिकारी होते, याची जंत्री मी देणार नाही. बंबाचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी आग कुठे लागत होती ते पाहावं लागतं. आणि वऱ्हाडातली आग पाहायची तर कापसाच्या मागे मागे जावं लागतं. दीडशे वर्षांत हा कापूस जिथं जिथं थांबला, तिथं तिथं आग त्याला गाठत आली आहे. शेतात उभ्या कपाशीला आग लागल्याचं आपण फारसं ऐकत नाही. वेचून, ढीग करून, कशाची तरी वाट पाहत ठेवलेल्या कापसाला ती लागते. कधी आगगाडीची वाट, कधी प्रेसची, कधी काट्याची, कधी भावाची.

अमरावतीच्या जुन्या गावाभोवती परकोट आहे. निजामाच्या सरकारनं १८०७ पासून तो बांधायला घेतला. पेंढाऱ्यांपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांना संरक्षण मिळावं हा हेतू. घेर सव्वादोन मैलांचा, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. आजचं जवाहर गेट हा त्यातलाच एक दरवाजा, खुनारी खिडकी ही त्यातलीच एक खिडकी. त्या काळी कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत जाई. महिनोन्‌महिन्यांचा प्रवास. माल चालता असे, आणि जो थांबे तो पेढ्यांच्या माडीखाली, कोटाच्या आत. लुटारू बाहेर राहावा म्हणून बांधलेल्या त्या भिंतीच्या आत गल्ल्या अशा चिंचोळ्या झाल्या, की समोरासमोरच्या दोन घरांतल्या बायकांनी खिडकीतून विरजण द्यावं. आज त्या भागात कुठे शॉर्टसर्किट होऊन दुकान पेटलं, तर मोठी गाडी तोंडाशीच उभी करून पाइप जोडत जोडत आत न्यावा लागतो. पेंढाऱ्यासाठी केलेली अडचण दोनशे वर्षांनी बंबाला भोवते, ती अशी.

इंग्रजांकडे वऱ्हाडचा कारभार आला १८५३ मध्ये. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा करत १८६७ पर्यंत नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, त्या समारंभाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका तालुक्याच्या गावच्या कापूस बाजारासाठी व्हाइसरॉयनं यावं, यावरून त्या कापसाची किंमत कळते.

इथं एक गोष्ट घडली, तिच्याकडे इतिहासाच्या पुस्तकांत फार कुणी लक्ष देत नाही. रेल्वे आली म्हणजे माल वेगानं जाऊ लागला, असं आपण शिकतो. ते खरंच आहे. पण वॅगनमध्ये बसवायचा तर कापूस आधी पिंजून, सरकी काढून, दाबून त्याची गाठ करावी लागते. म्हणजे शेकडो बंड्या दिवसभरात जो माल आणून ओततील, तो जीनच्या आवारात पडून राहणार. तिथून रुई होऊन प्रेसपाशी पडणार. गाठी होऊन स्टेशनात पडणार. माल इंग्लंडला लवकर पोहोचू लागला, आणि वऱ्हाडात एका जागी पूर्वी कधी नव्हता इतका कापूस साचू लागला. शेजारी वाफेचं इंजिन, त्याची भट्टी, धुराडं, आणि रुळांवरून ठिणग्या उडवत जाणारी आगगाडी.

मोठ्या आगीची सगळी सामग्री अशी एकत्र आली. बाजारासाठीही नियम आले. कारंज्याला १८८६ मध्ये रेसिडेन्सीच्या हुकमानं देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. वजन, दलाली, अडत यांचा बंदोबस्त त्यात होता. विस्तवाचा बंदोबस्त जीनवाल्यानं आपला आपण करायचा. लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या, आवारात पाण्याचा हौद, ढिगाढिगांत मोकळी जागा आणि दारावर बिडी-काडी काढून घेणारा पहारेकरी. ही पद्धत इतकी पक्की झाली, की आजही जुन्या जिनात गेलात तर भिंतीवर त्या बादल्यांचे हूक दिसतात. बादल्या असतीलच असं नाही.

कापसाची आग इतर आगींसारखी नसते, हे मला एका निवृत्त फायरमननं समजावून सांगितलं. जीनमध्ये रुळाला खडा लागतो, एखादा खिळा कापसाबरोबर येतो, ठिणगी उडते. मोकळ्या रुईवरून ज्वाळा नुसती पळते. डोळ्यांसमोरून एखादा पांढरा कपडा झटकावा तशी ती ढिगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते आणि वरचा थर काळा करून विझल्यासारखी होते. नवखा माणूस म्हणतो, गेली आग. पण कापसाच्या प्रत्येक तंतूत हवा असते. आग आत शिरते आणि धूर न दाखवता कोरत राहते. वरून पाणी मारलं तर वरचा थर भिजून घट्ट बसतो आणि पाणी आत जाऊच देत नाही. दाबलेल्या गाठीचं तर आणखी अवघड. तिच्या पट्ट्या तोडून, गाठ फोडून, थर उलगडून एकेक विझवावा लागतो. विझवलेली गाठ दोन-तीन दिवसांनी पुन्हा पेटल्याचं त्यानं स्वतः पाहिलं होतं. ‘गुरुजी, लाकडाची आग तोंडावर बोलते, कापसाची मनात ठेवते,’ हे त्याचे शब्द. म्हणून कापसाच्या आगीवर फायरमन पाइपाइतकाच दाताळ्यावर अवलंबून असतो. ढीग ओढायचा, पसरायचा, भिजवायचा, पुन्हा ओढायचा. एका गंजीला रात्र जाते, कधी दोन दिवस.

आणि यात दुसरं दुखणं असं, की जळण्यापासून वाचलेला कापूसही वाचत नाही. भिजला की त्याची प्रत गेली, रंग गेला. ओल्या सरकीला मोड येतात.

कापूस म्हटला की व्होलकार्ट ब्रदर्स आणि रॅली ब्रदर्स ही परदेशी नावं वऱ्हाडात घरोघरी माहीत होती. व्होलकार्ट ही १८५१ मध्ये एकाच वेळी स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावात आणि मुंबईत सुरू झालेली पेढी. तिच्या कंपनीचा आणि टाटांचा मिळून १९५४ मध्ये जो नवा उद्योग निघाला, त्याचं नाव व्होल्टास. म्हणजे आपल्या घरातल्या फ्रिजचंही कापसाशी नातं आहे! अमरावतीत ‘वालकट कंपाउंड’ नावाची जागा आहे. हे ‘वालकट’ म्हणजे ‘व्होलकार्ट’चंच वऱ्हाडी रूप, असं मला वाटतं. आपल्या लोकांनी जिभेला बसेल तसं ते वळवून घेतलं. आणि अमरावती महापालिकेचं अग्निशमन केंद्र याच वालकट कंपाउंडात आहे. ठरवून कुणी हे केलं नसेल, पण कापसाच्या नावाच्या जागेत बंबांनी उभं राहावं, हे मला फार साजेसं वाटतं.

१९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांसाठी देशभराचा कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणं बंधनकारक ठरलं. भेसळ कुठे झाली ते शोधता यावं हा हेतू. पण त्याचा एक परिणाम असा, की गाठ झाली की कापसाला नाव-गाव मिळालं. ती जळाली तर कोणत्या प्रेसची, कितवी, कुणाच्या मालकीची, हे सांगता येतं. विमा उतरवता येतो, भरपाई मागता येते. गाठ होण्याआधीच्या कापसाला मात्र असं काहीच नाही. तो नुसता ‘ढीग’ असतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

कापूस आणि अग्निशमन दल यांची सगळ्यात भयंकर गाठ पडली ती वऱ्हाडात नाही, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये. १४ एप्रिल १९४४. ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज दोनच दिवसांपूर्वी धक्क्याला लागलं होतं. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, सोन्याच्या विटा होत्या आणि कराचीला चढवलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी होत्या. दुपारी गाठींच्या तळघरातून धूर दिसू लागला. मुंबईच्या बंबांनी वरून पाण्याचा मारा सुरू केला. शेकडो टन पाणी ओतलं. पण कापसाची आग आत होती. पाणी चढत गेलं तशा जळत्या गाठी त्यावर तरंगत वर सरकू लागल्या. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. धक्क्यावर पाइप धरून उभे असलेले ६६ अग्निशमन जवान त्यात गेले. त्यांच्यापैकी कुणाला तिथून पळता आलं नसतं असं नाही. जहाजावर स्फोटकं आहेत हे त्यांना कळलेलं होतं.

त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि तिथून आठवडाभर सप्ताह असतो. अमरावती-अकोल्यातही त्या सकाळी दलाचे जवान छातीवर छोटी पट्टी लावून मानवंदना देतात. पण आपल्याकडे १४ एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. रस्ते निळे झालेले, मिरवणुका, रोषणाई. त्यामुळे सकाळी आपल्या शहीद सहकाऱ्यांना सलामी दिलेले तेच जवान रात्री उशिरापर्यंत मिरवणुकीच्या बंदोबस्तात गाडी घेऊन उभे असतात. गर्दीतल्या फार थोड्यांना त्यांच्या दिवसाची कल्पना असते.

स्वातंत्र्यानंतर हे काम कायद्यानं शहरांच्या गळ्यात पडलं. महापालिकांसाठीच्या १९४९ च्या कायद्यात आणि नगरपालिकांसाठीच्या १९६५ च्या कायद्यात आग विझवणं, आगीत जीव आणि मालमत्ता वाचवणं हे बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलं गेलं. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, तिच्यात शहरांकडे सोपवायच्या विषयांत ‘अग्निशमन सेवा’ आहे. अधिकारी घडवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला निघालं आणि दुसऱ्याच वर्षी नागपूरला आलं, म्हणजे वऱ्हाडच्या उशाशीच. अमरावतीची महापालिका झाली १५ ऑगस्ट १९८३ रोजी, अकोल्याची १ ऑक्टोबर २००१ रोजी. अचलपूर, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर या गावांना नगर परिषदा आहेत.

यात राहिलं कोण, ते तुमच्या लक्षात आलं असेल. ग्रामपंचायत राहिली. आणि कापूस पिकतो तो ग्रामपंचायतीत.

आता थोडा हिशेब. बंबाच्या नेहमीच्या गाडीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. पाइपाच्या एका तोंडातून मिनिटाला साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी सुटतं. एक पाइप चालवला तर दहा मिनिटं, दोन चालवले तर पाच. त्यानंतर गाडी रिकामी. शहरात ती जवळच्या टाकीवर किंवा विहिरीवर भरून परत येते. तीस किलोमीटरवरच्या खेड्यात जायला, रस्ता बरा असेल तर, चाळीस मिनिटं. तिथं दहा मिनिटांचं पाणी. पुढचं पाणी कुठून?

हा प्रश्न वऱ्हाडात फार कडू आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कपाशी उत्तम, पण खालचं पाणी खारं. ओलिताला चालत नाही म्हणून विहिरी कमी. विहीर नाही म्हणून मोटर नाही. खाऱ्या पाण्यानं आग विझते, तिला चवीशी देणंघेणं नाही. पण ते पंपात भरलं तर नंतर गोड्या पाण्यानं पंप धुवावा लागतो, नाहीतर लोखंड खाल्लं जातं. आणि गोडं पाणी तर माणसालाच पुरत नाही. अमरावतीनं वडाळी आणि छत्री तलावापासून सुरुवात करून अप्पर वर्धेच्या सिंभोऱ्यापर्यंत हात लांबवला, अकोल्यानं कापशीच्या तलावापासून काटेपूर्णेच्या महानपर्यंत. तरी अकोल्यात कितीतरी उन्हाळे लोकांनी नळाची चार-चार दिवस वाट पाहिली आहे. पारा पंचेचाळीसच्या वर आणि घरात कळशीभर पाणी, अशा दिवसांत बंब पाणी भरायला उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे बघणाऱ्या नजरा निराळ्या असतात.

हे मला कळायला बराच उशीर लागला. तो प्रसंग सांगतो.

महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये आली. व्यापाऱ्याला मज्जाव, सगळा कापूस सरकारच्या वतीनं पणन महासंघानं घ्यायचा. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा हा हेतू, आणि सुरुवातीला लोकांना तिचा आधारही वाटला. २००२ पासून ती सैल होत गेली आणि मग संपली. त्या योजनेत कापूस पुन्हा एकदा थांबला. या वेळी संकलन केंद्राच्या फाटकाबाहेर, रांगेत. बंड्यांची रांग मैल-मैल जाई. दोन दिवस, तीन दिवस, कधी आठवडा. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना सांगायला नको.

१९८० नंतरची गोष्ट आहे, मी बारा-तेरा वर्षांचा होतो. शेजारच्या काकांची बंडी पुढे आणि आमची तिच्या मागे. केंद्राचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तिसरी रात्र होती. पौषातली थंडी, आणि शेकोटी पेटवायची नाही असा सगळ्यांचा पक्का करार. कुणी पोरसवदा खिशाकडे हात नेला तरी दहा आवाज उठत, ‘बिडी नोको काढू रे बावा, लेकरं झोपली हायेत.’ मी कापसातच झोपलो होतो. कापसात झोपलं की थंडी वाजत नाही.

जाग आली ती बैलांच्या हंबरण्यानं. आग रांगेत लागलीच नव्हती. ती आवारातल्या मोठ्या गंजीला लागली होती, कशानं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. वाऱ्याबरोबर जळत्या रुईचे पुंजके उडत येत होते, काजव्यांसारखे. बाबांनी आधी बैल सोडले. मग मिळेल त्या माणसांनी बंड्या हातांनी मागे ओढायला सुरुवात केली. काकांची बंडी फाटकाच्या आत गेलेली होती. प्रतवारी संध्याकाळी झाली होती, काट्यावर सकाळी चढायची होती. ती बाहेर निघाली नाही. सहा-सात क्विंटल कापूस, वर्षाचा सगळा.

गावातून बंब आला. त्याची घंटा ऐकून माणसं रडायची थांबली, हे मला आठवतं. खाकी कपड्यांतली चार-पाच माणसं उतरली, पाइप पसरले, पाणी सुरू झालं. ज्वाळा बसल्या, आणि इतक्यात पाणी थांबलं. गाडी वळली आणि निघून गेली.

‘पयाला! बंब पयाला!’ असा ओरडा झाला. लोकांनी मातीची ढेकळं मारली त्या गाडीला. मीही एक मारलं. मागे राहिलेले दोन फायरमन दाताळी घेऊन गंजी ओढत होते, त्यांना लोक वाटेल ते बोलत होते. ते काही न बोलता ओढत राहिले. पाऊण तासानं गाडी भरून परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. सकाळपर्यंत तिनं किती फेऱ्या केल्या मी मोजल्या नाहीत. साडेचार हजार लिटरचं गणित मला पुढे कितीतरी वर्षांनी समजलं, तेव्हा ते ढेकूळ आठवलं. आजही आठवतं.

दुपारी पंचनामा झाला. तिथल्या बाबूनं काकांना शांतपणे सांगितलं, काट्यावर चढला नव्हता, पावती फाटली नव्हती, तेव्हा जळालेला कापूस केंद्राचा नाही, तुमचा. तो नियमानं चुकीचं बोलत नसावा. १९२५ पासून गाठीला नंबर आहे, काट्यावरून उतरलेल्या कापसाला पावती आहे. काका ज्या रात्री फाटकाच्या आत होते, त्या रात्री त्यांच्या कापसाला काहीच नव्हतं. ते रिकामी बंडी घेऊन गावी आले आणि त्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली.

आज बंबाचं काम पुष्कळ पसरलं आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा, तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. मोठ्या इमारतीच्या मालकानं आपली यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं, असं त्यात आहे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं आगीत गेली, त्यानंतर सगळीकडे या तपासण्यांची धावपळ झाली. अपघात झाल्यावर धावायचं, ही आपली जुनी सवय. त्याच वर्षी जुलैत मोर्णेला पूर येऊन अकोल्याच्या वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा आग विझवणारी माणसं पाण्यातून माणसं काढत होती. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीच्या प्रभात चौकात जुनी इमारत कोसळून पाच जण गेले, तेव्हा ढिगारा उपसायलाही तीच. विहिरीत पडलेली गाय, पतंगाच्या मांज्यात अडकलेली घार, गणपती विसर्जन, सगळं त्यांच्याकडे. ज्या कामाला खातं सापडत नाही ते बंबाकडे जातं.

आणि हद्दीबाहेरचं बोलावणंही येतंच. खेड्यात गोठा पेटला, कुटाराचा ढीग पेटला, कडब्याची गंजी पेटली, लोंबत्या तारेला ट्रकवरचा माल लागला, की फोन जवळच्या पालिकेतच जातो. कायद्यानं पालिकेची जबाबदारी तिच्या हद्दीपुरती. पण समोरचा माणूस फोनवर ओरडत असताना हद्द कोण विचारणार? गाडी जाते. मागे शहरात आग लागली तर काय, याचा घोर अधिकाऱ्याच्या डोक्यात, आणि बाहेरच्या फेरीचं शुल्क कोण भरणार हा प्रश्न कागदावर. ज्याचं सगळं जळालं त्याच्या नावानं बिल फाडायचं, हे काम त्या अधिकाऱ्यांनाही आवडत नसणार. माझ्या मते हे बिल शेतकऱ्याच्याही नावानं नको आणि पालिकेच्याही माथी नको. जिल्ह्याच्या कापसावर बाजारात जो सेस घेतला जातो, त्यातून दर दहा-पंधरा गावांमागे एक लहान गाडी आणि एक भरलेला हौद उभा राहू शकतो. पैसा नाही, हे उत्तर मला पटत नाही. तो कुठे जायचा हे ठरलेलं असतं, एवढंच.

कारण कापूस आता पुन्हा थांबू लागला आहे, आणि या वेळी सगळ्यात वाईट जागी. २०२१-२२ च्या हंगामात कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला. पुढच्या हंगामात तो घसरला, तेव्हा भाव पुन्हा चढेल म्हणून हजारो शेतकऱ्यांनी कापूस विकलाच नाही. तो घरात ठेवला. पूर्वी जीनच्या आवारात ढिगाढिगांत अंतर असे, वाळूच्या बादल्या असत, बिडी काढून घेणारा पहारेकरी असे. आता ढीग बैठकीच्या खोलीत असतो, छताला टेकलेला. शेजारी गॅसची शेगडी, वर टिनपत्रा, भिंतीवर उघड्या वायरी. अंगाला खाज सुटते म्हणून माणसं ओसरीत झोपतात. त्या कापसाला ना नंबर, ना पावती, आणि सहसा विमाही नसतो.

त्या काकांचा मुलगा, माझ्याहून लहान, गावीच शेती करतो. मागे त्याच्याकडे गेलो तेव्हा बैठकीचं दार उघडत नव्हतं, आतून कापसानं दाबलं होतं. मी त्याला तालुक्याच्या अग्निशमन केंद्राचा फोन नंबर लिहून दिला. त्यानं तो खडूनं दाराच्या चौकटीवर लिहिला. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, गाडी यायला किती वेय लागते?’ मी म्हटलं, रस्ता बरा असेल तर पस्तीस-चाळीस मिनिटं. त्या काही बोलल्या नाहीत. देवघर त्याच खोलीत होतं. देव त्यांनी दिवाळीपासून स्वयंपाकघरात हलवले होते, आणि समई अंगणात, तुळशीपाशी लावत होत्या.